सेलिनाबाईंच्या ब्लाउजसाठी वसईला

कासचं पठार घरापासून तासाभरावर असलेली आम्ही सातारकर माणसं वसईला सहसा जात नाही. मी गेले ते एका ब्लाउजसाठी.

मी हातमागाच्या कापडाचे कपडे करते. स्वतःचं लेबल आहे असं म्हटलं की लोकांना मोठं वाटतं. प्रत्यक्षात ती एक खोली आहे, दोन मशीनं आहेत, मी आहे आणि शोभाताई आहेत. मी कापते, शोभाताई शिवतात आणि कापडाची पोटली बटणं आम्ही दोघी मिळून हाताने वळतो. ती बटणं ही आमची ओळख.

जानेवारीच्या शेवटी वसईच्या सेलिनाबाईंचा फोन आला. त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. पुढून उघडणारा ब्लाउज त्यांनी आमच्याकडून मागवला होता.

"ब्लाउज सुंदर आहे, परत पाठवत नाहीये," त्या म्हणाल्या. "फक्त मला तो एकटीला घालता येत नाही, एवढंच सांगायचं होतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि त्या हाताच्या बोटांत पकड राहिली नव्हती. मी म्हटलं, कुरिअर करा, दुरुस्त करून देते, काय अडतंय तेवढं सांगा.

"अडतंय ते फोनवर कसं सांगू? ते बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "इकडे कधी येणं झालं तर घरीच उतरा."

त्याच दिवसांत पुण्याच्या एका कपड्यांच्या कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचं होतं आणि मनातून मी हो म्हणून टाकलं होतं. सहा वर्षं रेटलं, आता पुरे, असं वाटत होतं. शोभाताईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या बाईंचं काम अर्धवट ठेवू नका." म्हणून शुक्रवारी पहाटे कापड, कात्री आणि सुयांचा डबा गाडीत टाकून निघाले.

रस्त्याबद्दल आधी सांगते, कारण मी चुकले. नकाशावर जवळचा दिसला म्हणून ठाण्याच्या अलीकडून भिवंडीकडे वळले आणि कामणचा रस्ता धरला. ट्रकांची रांग, खड्डे आणि धूळ. छोट्या गाडीने जाणार असाल तर घोडबंदर रोडच बरा, तिथे कोंडी असली तरी निदान रस्ता आहे. चिंचोटीला हायवेला लागले तेव्हा भुकेने डोकं दुखत होतं. तिथल्या टपरीवर गरम वडापाव आणि चहा मिळाला. चिंचोटीचा प्रसिद्ध धबधबा किती लांब आहे म्हणून टपरीवाल्या काकूंना विचारलं.

"आता जाऊन काय बघशील? पानी नाय तिथं," त्या म्हणाल्या. "आनि पावसात येशील तर विचारून ये. दर साली कोणतरी बुडतंय."

रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेलं की वसई बदलते. इमारती संपतात आणि गल्ल्या सुरू होतात. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, विहिरी, कोपऱ्यावर फुलं वाहिलेला क्रूस. सेलिनाबाईंचं घर अशाच एका वाडीत आहे. त्यांचे यजमान पास्कलकाका फाटकापाशी उभे होते. ते बाईंशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, मला त्यातलं निम्मंच कळायचं. माझ्याशी मात्र दोघंही शुद्ध मराठीत. सून स्टेफीने तांदळाच्या भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. जेवल्यावर काकांनी सुकेळी दिली. वसईची ही सुकवलेली केळी मी पहिल्यांदाच खाल्ली. मधासारखी गोड आणि चिवट. वसईला गेलात तर घेतल्याशिवाय येऊ नका.

दुपारी बाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. "बघ," त्या म्हणाल्या. तोवर त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या.

मी बघितलं. डावी बाही चढवायला त्यांना हात मागे न्यावा लागत होता आणि तो जात नव्हता. उजव्या हाताने ओढून ओढून बाही कोपरापर्यंत आली. मग आमची ती सुंदर बटणं. उजव्या हातात बटण धरलं की लूप असलेली बाजू निसटायची. चौथ्या प्रयत्नानंतर त्या पलंगावर बसल्या. कपाळावर घाम होता.

"स्टेफी घालून देते. एका शब्दाने कुरकुरत नाही ती," त्या म्हणाल्या. "पण रोज अंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं, याची मला सवय होत नाही ग. म्हणून घरात गाऊनच घालते. दोन वर्षांत चर्चमध्ये बायबलवाचनाला उभी राहिले नाही. येत्या रविवारी माझं नाव लावलंय फादरांनी. मी हो म्हणून बसले."

संध्याकाळी डोकं मोकळं करायला भुईगावच्या किनाऱ्यावर जाऊन आले. सुरूची झाडं, लांबवर ओहोटीचा चिखल, चार-दोन माणसं. गर्दी नको असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

शनिवारी सकाळी काकांनी मला पूर्वेला वालीवला नेलं. हा सगळा कारखान्यांचा भाग. एका गाळ्यात दप्तरांच्या पट्ट्या आणि वेल्क्रो बनतात, तिथला सुपरवायझर जवळच्या चांदीप गावचा, काकांच्या ओळखीचा. वेल्क्रो म्हटलं की मी आजवर नाक मुरडत आले. हातमागाच्या कापडाला ते शोभत नाही, असं माझं ठाम मत. पण त्याने लहान मुलांच्या कपड्यांसाठी बनवलेली मऊ, बारीक पट्टी दाखवली आणि माझं मत तिथेच मवाळ झालं. नमुने घेऊन परतलो.

बाईंच्या जुन्या पायमशीनवर मी डावा खांदा आणि बाही वरच्या बाजूने गळ्यापासून बाहीच्या काठापर्यंत उघडली. आता हात मागे न्यायची गरज नव्हती, बाही वरून अंगावर ठेवायची आणि खांद्यावर वेल्क्रोने चिकटवायची. ते जमलं. पुढची बाजू मात्र जमेना. वेल्क्रो असलं तरी डावी बाजू धरायला कोणीतरी हवंच होतं. तीनदा केलं, तीनदा निसटलं. चौथ्या वेळी मी कच्चा टाका घातलेली काठाची पट्टी सुटून लोंबत होती आणि बाईंचा डावा अंगठा चुकून तिच्यात अडकला. उजव्या हाताने त्यांनी कापड ओढलं, तर डावी बाजू जागची हलली नाही.

आम्ही दोघींनी एकाच वेळी त्या अंगठ्याकडे पाहिलं.

"हा हात धरू शकत नाही," बाई हळूच म्हणाल्या, "पण अडकून राहू शकतो."

मी डाव्या काठाला आतून मऊ कापडाचा एक फास शिवला. अंगठा त्यात घालायचा, हात नुसता खाली सोडायचा, उजव्या हाताने पुढचं वेल्क्रो बंद करायचं, मग अंगठा काढून घ्यायचा. वरून आमची पोटली बटणं तशीच, आता फक्त दिसण्यापुरती. रात्रीच्या जेवणाआधी पक्का टाका घालून झाला. काका दोनदा दाराशी येऊन काही न विचारता परत गेले.

रविवारी सकाळी सगळे ओटीवर तयार होऊन बसलो होतो. आतून काही आवाज येईना. सवयीने स्टेफी उठली.

"कोणी येऊ नका," बाईंचा आवाज आला.

स्टेफी परत बसली. काका वाडीकडे तोंड करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं. पांढरी साडी, निळा ब्लाउज, केस विंचरलेले. एक खांदा किंचित वाकडा चिकटला होता. काकांनी तो नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांचे डोळे भरले होते. स्टेफीने सासूबाईंच्या गालाला हात लावला आणि चपला आणायला पळाली.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. माझा धर्म वेगळा, कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं ते शेजारणीकडे बघून करत होते. बाई पायऱ्या चढून वेदीजवळ गेल्या. पुस्तक उजव्या हाताने उघडलं आणि वर्गात धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात वाचू लागल्या. वाचलेलं मला फारसं आठवत नाही. त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही, ते आठवतं.

दुपारी घोडबंदरमार्गे निघाले. निघताना बाईंनी भाजी, फुलं आणि सुकेळीच्या पुड्या गाडीत भरल्या. "मी तुझे आभार मानणार नाही," त्या म्हणाल्या, "घरच्या माणसांचे मानत नाहीत." खरं तर आभार मी मानायला हवे होते. खाडीवरच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, तिथे मला ते सुचलं. इतकी वर्षं मी कपडा अंगावर कसा दिसतो तेवढंच बघत होते. तो अंगावर चढतो कसा, ते दाखवायला एका बाईने मला स्वतःच्या खोलीत घेतलं होतं. तेवढा विश्वास माझ्यावर आधी कोणी टाकला नव्हता.

सोमवारी पुण्याला नकार कळवला. एरवी मी करते तो चहा त्या दिवशी शोभाताईंनी केला. लेबल चालेल की नाही, ते आजही सांगता येत नाही. पण त्यानंतर बाईंच्या ओळखीच्या दोघीजणींचे फोन आले, एकीचा हात लकव्याने गेलेला, दुसरीची बोटं संधिवाताने वाकलेली. त्यांचे ब्लाउज आता मशीनवर आहेत.

आणि हल्ली कोणाचंही माप घेण्याआधी मी एक प्रश्न विचारते, "तुम्ही कपडे घालता कसे, एकदा दाखवाल?"