हा फोन कोणाच्या हातात असतो?

माझी आत्या दवाखान्यात कार्डबाई होती. एकतीस वर्षं. तिचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. जिन्याखाली एक खोली, खोलीला जाळीची खिडकी, आत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर कार्डं: पुरुषांची निळी, बायकांची गुलाबी, मुलांची पिवळी. माणूस खिडकीशी येऊन तोंड उघडायच्या आत आत्याचा हात मांडणीकडे गेलेला असायचा. काही जणांना तर ती खोकल्यावरून ओळखायची. मान न वळवता "निळं, चारशे बारा" असं पुटपुटायची आणि कार्ड काढून ठेवायची.

तिचा नियम एकच. ज्याचं कार्ड, त्याच्याच हातात. एकदा एक बडा अधिकारी बायकोचं कार्ड मागायला आला. आत्या म्हणाली, "साहेब, हे कार्ड गुलाबी आहे." साहेब तडक वर तक्रार करायला गेले. आत्यानं शांतपणे डबा उघडला आणि जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायको स्वतः आली आणि कार्ड घेऊन गेली.

मी तिची भाची. राग कायम नाकावर, आणि आपल्याला सगळं कळतं हा समज तर जन्मापासूनचा. दवाखान्याचं वेबॲप मी बनवलं होतं. आधी त्यात फक्त डॉक्टरांच्या वेळा दिसायच्या, त्या कुणीही बघाव्यात. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की लोकांना रिपोर्टही तिथेच मिळाले पाहिजेत. म्हणजे लॉगिन आलं. आत येणारा कोण आहे, हे ॲपला कळायला हवं. मला ते डाव्या हातचं काम वाटलं. मोबाइल नंबर टाका, फोनवर सहा आकडे येतील, ते भरा, रिपोर्ट उघडेल.

मी मोठ्या ऐटीत आत्याला दाखवलं. पहिल्याच पानावर मी बटण केलं होतं, 'ओळख पटवा'.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "ओळख पटवायला शवागारात बोलावतात गं. इथे जिवंत माणसं येतात."

"मग काय लिहू?"

"दारात आलेल्याला काय म्हणतात? आत या."

मी मुकाट्यानं 'आत या' लिहिलं. छोट्या फोनवर त्यातली मोकळी जागा इतकी आक्रसायची की चाचणी करणारे निम्मे लोक ते 'आत्या' असंच वाचायचे. दवाखान्यातल्या नर्सेस हसून हसून बेजार झाल्या. मी ती जागा रुंद करणार होते, पण आत्यानं हात धरला. "राहू दे," म्हणाली. तेवढं एक तिला मनापासून आवडलं होतं.

बाकीचं नाही आवडलं. जुन्या कार्डांवरचे मोबाइल नंबर मी ॲपमध्ये भरत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"एका नंबरावर किती जण?"

"एक. नंबर म्हणजेच माणूस."

तिनं मांडणीतून पाच गुलाबी कार्डं काढली आणि माझ्यासमोर पत्त्यांसारखी मांडली. पाच बायका, नंबर एकच. "हा फोन कोणाच्या हातात असतो?"

मी म्हटलं, "आत्या, अपवाद धरून बसलं तर कुठलंच काम पुढे सरकणार नाही." हे वाक्य मी तेव्हा अगदी ठासून म्हटलं होतं. आज आठवलं की कान तापतात. तिनं कार्डं गोळा केली, जागच्या जागी ठेवली आणि चहा मागवला.

सोमवारी अकरा वाजता सगळं सुरू व्हायचं होतं. शनिवारचे रिपोर्ट तयार होते. अकराच्या ठोक्याला प्रत्येक नंबरावर आपोआप मेसेज जाणार होता: तुमचा रिपोर्ट आला आहे, आत या. डॉक्टरीणबाई वर सभागृहात सगळ्यांना घेऊन बसल्या होत्या. साडेदहाला आत्या जिना चढून आली. गुडघ्यामुळे ती वर्षाकाठी दोनदासुद्धा जिना चढायची नाही.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक मेसेज थांबव."

"कोणाचा?"

"ते सांगणार नाही. एक बाई आहे. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. घरभर आनंद करायचा आणि मग सगळ्यांनी तिच्याकडे बघत बसायचं, असं दोनदा झालंय. या वेळी तिसरा महिना सरेपर्यंत तिला कुणाला सांगायचं नाहीये. मग ती स्वतः सांगणार आहे, स्वतःच्या तोंडानं. आणि फोन असतो सासूच्या हातात."

मी घड्याळाकडे बघितलं. "कार्ड नंबर तरी सांग. तेवढाच थांबवते."

"सांगितला की तू उघडून बघशील."

"नाही बघणार."

"बघशील. तू दुपट्यात होतीस तेव्हापासून ओळखते तुला. आणि हिचं मला माहीत आहे म्हणून मी वर आले. ज्यांचं मला माहीत नाही त्यांचं काय?"

मला राग आला, तिचा नाही, माझाच. पाच बायका माझ्या ॲपला एकच बाई दिसत होत्या. तसा फोन हातात असलेल्या सासूनं आकडे भरले असते की पाचही जणींचे रिपोर्ट एकाखाली एक उघडले असते. आत्यानं एकतीस वर्षं जी खिडकी सांभाळली, तिची जाळी मी एका सकाळीत काढून टाकायला निघाले होते.

मी सगळं बंद केलं. मग सभागृहात जाऊन उभ्याउभ्याच सांगितलं, की आज सुरू होणार नाही, चूक माझी आहे, नऊ दिवस लागतील. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नऊ म्हणजे नऊ?" "नऊ," मी म्हटलं. माझ्या मागे दारात आत्या गुडघा चोळत उभी होती.

त्या नऊ दिवसांत मी नाक घासून शिकले. माणूस म्हणजे नंबर नव्हे, हे ॲपला नव्यानं शिकवलं. आता खातं कार्डाचं, फोन ही नुसती तिथे जायची एक वाट. ज्यांना स्वतःचा फोन नाही, त्यांनी खिडकीशी यायचं, कार्डाचा नंबर आणि आपण ठरवलेला गुप्त शब्द भरायचा. शब्द भरताना आत्या तोंड फिरवून मांडणीकडे बघत बसायची. आणि फॉर्मवर एक नवा रकाना आला, तिच्याच शब्दांत: 'हा फोन कोणाच्या हातात असतो?' उत्तर 'माझ्या' आलं तरच मेसेज जायचा. पहिल्याच आठवड्यात साठावर लोकांनी वेगळं उत्तर दिलं. अपवाद म्हणे.

दोन महिन्यांनी मी आत्याच्या खोलीत तारा जोडत होते, तेव्हा खिडकीशी एक सासू आली. मागे सून, शिवणकाम करणारी असावी. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"काय हो बाई," सासू आत्याला म्हणाली, "सगळ्यांच्या फोनवर म्हणे दवाखान्याचं येतं. माझ्याच फोनवर काही येत नाही. हिची तपासणी झाली होती, त्याचं काय झालं?"

आत्यानं गुलाबी कार्ड काढलं, आणि सासूच्या पुढे आलेल्या हातावरून ते सुनेच्या हातात दिलं.

"कार्ड तिचं आहे. तिला विचारा."

सुनेनं कार्डाकडे बघितलंही नाही. "आई, चौथा महिना लागलाय," ती म्हणाली. "सगळं नीट आहे. मला आधी खात्री करून घ्यायची होती, मग तुम्हाला सांगायचं होतं."

सासूनं जाळी धरली. मग तिनं सुनेच्या खांद्यावरची कापडांची जड पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "चल. सावकाश चल."

मी वायर हातात धरून तशीच उभी होते. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या खोलीत जागा नव्हती. आत्यानं माझ्याकडे बघितलं, पुढचं कार्ड काढलं आणि म्हणाली, "पोचला मेसेज."