तिसरी हाक

मावशीच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी अंधेरीत भाजी घेत होते. "नीलू, तुझी मावशी गेली गं. आणि दार सताड उघडं होतं..." खोटं कशाला सांगू, त्या उघड्या दारानेच मी आधी हादरले. दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली, तर तीन हाका होईपर्यंत सुमतीमावशी ओ देत नसे. गावाकडून आणलेली समजूत. माणूस तिसरी हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. इस्त्रीवाल्यालाही ती तिष्ठत ठेवायची. "तुझ्याकडच्या भुतांना तीनपर्यंत मोजता येत नाही वाटतं?" मी चिडवायचे. ती हसायची नाही.

पार्ल्यातल्या तिच्या दोन खोल्यांत एकेकाळी एक कवी यायचा. मोठा कवी आणि तितकाच मोठा दारुडा. नवी कविता आधी तिला ऐकवायचा आणि वर जेवून जायचा. नातेवाईक नाही नाही ते बोलले, तिने कुणाला जुमानलं नाही. मग एका सकाळी त्याचं प्रेत जुहूच्या किनाऱ्याला लागलं. त्या विषयावर मावशीने वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी त्या दोघांवर सिनेमा निघाला. खाडीपलीकडे मढच्या शूटिंगच्या बंगल्यात तिच्या खोल्या हुबेहूब उभ्या केल्या होत्या आणि शूटिंग बघायला तिला मानाने बोलावलं होतं. सोबत मी. सीन शेवटच्या भेटीचा. कवी तीन हाका मारतो, ती दार उघडते, तो कविता ऐकवून जातो. "सुमतीबाई..." नटाने हाक मारली. "सुमतीबाई..." आणि गप्प.

दिग्दर्शक वैतागला. "अरे, तिसरी कुठेय?"

"मारली ना सर."

पुन्हा टेक, पुन्हा दोनच. साउंडवाल्याने हेडफोन काढून नकारार्थी मान हलवली. मावशी पांढरीफटक पडली होती.

वर्सोव्याला परतताना होडीत ती म्हणाली, "त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी दोनच हाका मारल्या होत्या, नीलू. मी कडीला हात लावून तिसरीची वाट बघत उभी... ते निघून गेले. कविता मनातच घेऊन गेले."

"हे त्या लोकांना सांगितलं होतंस तू?"

"आज पहिल्यांदा बोलतेय." मग पाण्याकडे बघत, "ती कविता तेवढी ऐकायची राहिली गं."

ती गेली त्या संध्याकाळी काकूंनी भिंतीपलीकडून तिचं "आले, आले" ऐकलं, कडीही ऐकली. हाक मात्र एकही ऐकली नाही. मावशी खुर्चीत बसलेली सापडली, मान किंचित कलती, कविता ऐकताना बसायची तशी. दुसरी खुर्ची समोर ओढलेली होती.

मागच्या आठवड्यात खोल्या आवरायला गेले. तिची फार आठवण येत होती, त्यामुळे कामात हात चालेना. तिन्हीसांज झाली, दिवा लावला आणि बाहेरून तिच्याच आवाजात हाक आली. "नीलू..." एकदाच. कडीला हात लावून थांबणं मला जमलं नाही. मी ओ दिली आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी ते दार मी बराच वेळ लावलं नाही.