समासातल्या चर्चा

दयानंद मल्लेश्वरममधल्या एका संशोधन संस्थेत ग्रंथालय साहाय्यक होता. मूळचा निपाणीचा, पण केस बेंगळुरूत पिकले. संस्थेतल्या लोकांचे शोधनिबंध मोठ्या नियतकालिकांत छापून येत, मात्र बाहेरच्यांना ते विकत घेऊनच वाचावे लागत. म्हणून संस्थेने इंटरनेटवर स्वतःचं भांडार उघडलं होतं, सर्वांना फुकट. त्यात निबंध चढवायचं काम दयानंदचं. रोज कुणाला तरी तो समजावायचा, "छापील प्रत प्रकाशकाची, सर. स्वीकारलेला शेवटचा मसुदा तुमचा, तो पाठवा. समासातल्या चर्चा पुसून पाठवा."

त्याची मुलगी पवित्रा तिथेच संशोधन करायची. निपाणीकडच्या विहिरींच्या पाण्यावरचा तिचा निबंध स्वीकारला गेला आणि तो छापून येण्याआधीच ती डेंग्यूने गेली. छापल्यावर वर्षभर तो भांडारात ठेवायचा नाही, अशी प्रकाशकाची अट होती. ती मुदत सोमवारी संपली. विहिरी ज्यांच्या, त्यांना तो वाचता यावा, एवढंच दयानंदच्या मनात उरलं होतं. बाकी आत काही हलत नव्हतं.

तिच्या लॅपटॉपवरचा मसुदा त्याने चढवला आणि डबा उघडून जेवला.

दुपारी ग्रंथपाल गुरुराज आला. बेळगावचा, वयाने बराच लहान.

"अण्णा, स्वल्प बघा जरा. पवित्राच्या निबंधात समासातल्या चर्चा तशाच गेल्यात."

"माझ्याकडून?"

"आणि सगळ्यांवर ओरडता रोज! असू दे, मी पुसतो."

"नको. मी करतो."

त्याने मसुदा उघडला. एका विहिरीपाशी मार्गदर्शक अनुसूयाबाईंनी विचारलं होतं, 'ही अजून वापरात आहे का?' खाली पवित्राचं उत्तर, 'माझ्या अप्पांना विचारते. त्यांची माहिती जुनी, पण खात्री सगळ्यांत जास्त!' पुढे एके ठिकाणी, 'मॅडम, हा परिच्छेद काढलात तर मी जेवणार नाही.' त्यावर बाई, 'मग राहा उपाशी.'

दयानंदला हसू आलं नाही. रडूही नाही.

गुरुराज हळूच म्हणाला, "ठेवायचं तर ठेवा, अण्णा. मी काही बोलणार नाही."

"मग लोक विहिरी सोडून हेच वाचत बसतील."

सगळं एकदम पुसायची सोय होती. त्याने एकेक पुसलं. स्वच्छ मसुदा पुन्हा चढवला आणि बाहेरच्या माणसासारखा स्वतःच्या फोनवर उघडून पाहिला. वर पवित्राचं नाव, खाली मजकूर.

"उघडतोय," तो म्हणाला.

"सरी, बरं झालं. वाचणार?"

"नाही," म्हणत त्याने फोन पालथा ठेवला.