फक्त सही करायची होती

माझ्या मुलीचं आठवीचं वर्ष मी एका रेषेत बिघडवलं. रेष सरळ होती, पट्टी लावून मारलेली.

मुक्ता सातवी संपवून हायस्कुलात जाणार होती. बंगळुरात आमच्या के. आर. पुरमच्या घराजवळच्या शाळेत प्राथमिकची मुलं आठवीला दुसऱ्या इमारतीत जातात. जुने वर्ग मोडतात आणि नवे चार पाडतात. मुलं भेदरतात, म्हणून समुपदेशक बाईंनी पालकांना बोलावून एक फॉर्म दिला. मुलाने स्वतःच्या अक्षरात एका मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव लिहायचं, शाळा शक्यतो दोघांना एका वर्गात ठेवेल. पालकांनी फक्त सही करायची. (‘फक्त सही’ हे माझ्यासारख्याला सांगूच नये. मी सव्वीस वर्षं सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. आम्ही लग्नपत्रिकेतसुद्धा चुका शोधतो.)

मुक्ताने लिहिलं, ‘भूमिका’. भूमिका खालच्या मजल्यावरची. दोघी पहिलीपासून एका बाकावर. मुक्ता घरात अखंड बडबडते, पण परक्यांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिथे भूमिकाच तिच्या वतीने कानडीत, इंग्रजीत, वेळ पडली तर भांडूनही बोलते. "भूमी असेल तर मला काही वाटणार नाही," असं मुक्ता रोज म्हणायची.

मला मात्र दहावी दिसत होती. भूमिका गणितात यथातथाच. त्यापेक्षा पहिला येणारा तेजस बरोबर असला तर? संगतीने माणूस घडतो, असं माझे वडील म्हणायचे. (मी कोणाच्या संगतीने घडलो, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.) मुक्ता खाली खेळायला गेल्यावर मी फॉर्म काढला.

आता चोरी करायचीच, तर शहाणा माणूस व्हाइटनर लावेल. पण आमच्या खात्यात व्हाइटनर म्हणजे पाप. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेष, खालचं मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, वर नवी नोंद, बाजूला सही आणि तारीख. मी तसंच केलं. हुद्दाही लिहिला.

"अहो, तिला विचारलंत का?" शुभांगीने, म्हणजे बायकोने विचारलं.

"काय विचारायचंय? पोरवय आहे. चार दिवसांत विसरेल."

फॉर्म मीच शाळेत नेऊन दिला.

यादी लागली. भूमिका ए वर्गात, तेजस बीमध्ये, मुक्ता डीमध्ये. मुक्ता जेवली नाही. रडून रडून डोळे सुजले. भूमिकाची आई, सविताअक्का, वर आली. "अण्णा, आमच्या भूमीने मुक्ताचंच नाव दिलं होतं. मग असं कसं झालं?"

खरं बोलायला तेवढा एक क्षण होता. मी म्हणालो, "काय करणार अक्का, हल्ली शाळांत पालकांचं कोण ऐकतंय?"

"सरी, अण्णा," असं कानडीत ‘बरं’ म्हणत ती बिचारी खाली गेली. मुक्ता दारात उभी राहून ऐकत होती.

"बाबा, तू सगळ्यांना पत्रं लिहितोस. शाळेला लिही ना."

पोरीचा एवढा विश्वास, आता माघार कशी घेणार? लिहिलं. शाळेने मुलांची इच्छा कशी पायदळी तुडवली, तेही तीन मुद्द्यांत. आणि शेवटी, सव्वीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला: ‘मूळ नोंद तपासून अर्जदारास दाखवावी.’

बाईंनी ते शब्दशः घेतलं. मुलीला घेऊन या, म्हणाल्या. मुक्ता रिक्षात माझा हात धरून बसली होती. बाबा भांडणार म्हणून खूश होती.

"सर, तेजसचं नाव बावीस फॉर्मवर आहे," बाई म्हणाल्या. "बावीसही ठिकाणी अक्षर मोठ्या माणसांचं."

"आणि तेजसने काय लिहिलंय?"

"कोणीही चालेल, फक्त आई-बाबांनी निवडलेलं नको." मग त्यांनी फाइल उघडली. "ज्यांनी एकमेकांची नावं दिली, त्या जोड्या आम्ही मोडल्या नाहीत. तुम्ही मूळ नोंद मागितली होती, ही बघा." आणि फॉर्म नेमका मुक्ताच्या पुढ्यात ठेवला.

काम इतकं नेटकं होतं, की रेषेखालचं ‘भूमिका’ लांबूनही वाचता येत होतं. मुक्ताने वाचलं. तारीख वाचली, हुद्दा वाचला.

"बाबा, ही तुझी सही आहे."

बाई उगाच कपाटात काहीतरी शोधू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता बदलता येईल का हो?" मी विचारलं. यादी अंतिम झाली होती. येताना मुक्ता रिक्षात माझ्यापासून हातभर लांब बसली.

शाळा सुरू झाली. दोघी गेटपर्यंत बरोबर जातात. तिथून भूमिका डावीकडे, ही उजवीकडे. पहिला महिनाभर मुक्ताचा डबा अर्धा परत यायचा. डायरी, परवानगीपत्र, प्रगतिपुस्तक, आता सगळं आईकडे जातं. कोणत्या तोंडाने मागू?

परवा डबा रिकामा आला. मी धीर करून विचारलं, "झाली का गं कुणी मैत्रीण?"

"झाली एक."

"अरे वा. नाव काय तिचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या पेनाकडे.

"तुला नाही सांगणार."

सव्वीस वर्षांत इतका बिनचूक निर्णय माझ्यासमोर आला नव्हता. मी तो जागच्या जागी मंजूर केला. सही कोणी मागितली नाही.