निळ्या कापडाची माफी

पीटीच्या सरांनी माझ्या ट्यूनिकचा खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरला. मेलेला उंदीर शेपटीनं उचलतात तसा. आणि सातवीच्या रांगेतून मला ओढत स्टेजपुढे आणून उभं केलं. प्रार्थना नुकतीच संपली होती. सगळी शाळा उभी होती. ऊन थेट तोंडावर.

"ये देखो," सर माइकवर बोलले. "फैक्ट्री की वर्दी का कपड़ा है ये. मजदूर की वर्दी. बेटा, यहाँ पढ़ने आई हो कि नट-बोल्ट कसने?"

शाळा हसली. पोरं हसली, ते समजू शकते. पोरं कशावरही हसतात. पण मागे ओळीनं उभ्या असलेल्या मॅडम लोकही हसल्या. रुमाल तोंडाला लावून, सभ्यपणे.

सर खोटं बोलत नव्हते. कापड फॅक्टरीचंच होतं.

माझे बाबा जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात फिटर. आजोबा विदर्भातून इथे आले ते याच नोकरीसाठी. कामगारांना वर्दीसाठी निळं कापड मिळायचं. जाड, दणकट, वर्षानुवर्षं न फाटणारं. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत त्या कापडाचं राज्य होतं. खिडक्यांचे पडदे निळे. भाजीच्या पिशव्या निळ्या. कूलरवरचं झाकण निळं, स्कूटरच्या सीटचं कव्हर निळं. लहानपणी मला वाटायचं घराचा रंगच निळा असतो. कापड उरलं की प्रत्येक घरातली बाई त्याचं काहीतरी शिवायचीच. ते वाया घालवणं म्हणजे पाप.

शाळा सिविल लाइंसमध्ये. इंग्रजी माध्यम. बाबांनी कोणाकोणाला हात जोडून मला तिथे घातलेलं. युनिफॉर्म सदर बाजारातल्या एका ठराविक दुकानातूनच घ्यायचा, असा शाळेचा हुकूम. त्या वर्षी माझी उंची एकदम वाढली अन् जुनं ट्यूनिक गुडघ्याच्या पार वर गेलं. आईनं पेटी उघडली. बाबांच्या वर्दीचं नवं कापड काढलं, माझ्या जुन्या ट्यूनिकला लावून ट्यूबलाइटखाली धरलं. रंग हुबेहूब जुळला.

"निळा तो निळाच," आई म्हणाली. "कोन पाहून राहिलं?"

चूक एवढीच झाली. जुनं ट्यूनिक धुऊन धुऊन विटलेलं होतं. आईनं नव्याचा रंग विटक्याशी जुळवला. रात्री घरात जे एक दिसलं ते सकाळी मैदानात वेगळं दिसलं. दुकानातल्या गर्द निळ्या रांगेत मी एकटी मळकट निळी. आईनं चुण्या इतक्या सरळ घातल्या होत्या की मी घरून निघताना दोनदा गिरकी घेतली होती. त्या गिरकीची पुढे कित्येक दिवस मला लाज वाटत राहिली. कोणी लावली ही लाज मला? कोणत्या हक्कानं?

त्या दिवसापासून माझं नाव नट-बोल्ट. ऐ नट-बोल्ट, पेन दे. ऐ नट-बोल्ट, सरक. मैत्रिणीसुद्धा. प्रेमानं म्हणतो गं, असं वर म्हणायच्या.

बाबांना शाळेत बोलावलं. ते जेवणाच्या सुट्टीत गेटपास काढून कारखान्यातून सरळ आले. म्हणजे वर्दीतच आले. शाळेच्या फाटकावरच्या माणसानं त्यांना वरून खाली पाहिलं अन् म्हणाला, "भैया, पानी की मोटर पीछे है. उधर से जाओ." बाबा खरंच मागच्या बाजूनं गेले. मागून फिरून, कचऱ्याच्या ड्रमांजवळून ऑफिसात आले. मला हे त्यांनीच सांगितलं, हसत हसत. "मला मोटरवाला समजला बे तो," म्हणाले. जणू गंमत झाली.

मला हसू आलं नाही. युनिफॉर्मसाठी जीव टाकणारी शाळा, अन् आयुष्यभर रोज युनिफॉर्म घालणाऱ्या माणसाला मागचं दार. तेव्हा हे मला शब्दांत मांडता आलं नसतं.

प्रिन्सिपल मॅडम फार गोड बोलायच्या. आवाज कधी चढायचा नाही. समोर खुर्ची रिकामी होती, बाबांना बसा म्हणाल्या नाहीत, बाबाही बसले नाहीत. मी दाराशी. मॅडम म्हणाल्या, "यूनिफॉर्म का मतलब ही यही है कि अमीर-गरीब सब एक जैसे दिखें. हम तो आप जैसों के लिए ही करते हैं. और आपने ही बच्ची को अलग कर दिया."

आप जैसों. हे ऐकून बाबांनी हात जोडले. हो जी, गलती हो गई जी, म्हणाले. लोखंड घासून घासून ज्या हातांच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या ते हात. कशासाठी? बायकोनं पोरीला कपडा शिवला म्हणून.

मग अट सांगितली. सोमवारी प्रार्थनेनंतर मी माइकवर माफी मागायची. वाक्यही मॅडमनी ठरवून दिलं: मैंने स्कूल की गरिमा को ठेस पहुँचाई है, मैं क्षमा चाहती हूँ. माफी मागितली तर गोष्ट संपली. नाही मागितली तर दुसरी शाळा पाहा.

घरी आईनं ट्यूनिक माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं अन् दाराच्या उजेडात शिलाई पाहत बसली. एकेक टाका बोटानं चाचपत. जणू चूक तिथेच कुठेतरी सापडेल.

बाबा म्हणाले, "बोलून टाक ना बाई. एक वाक्य तर आहे. काय जाते आपलं?"

"आईनं काय गलत केलं?" मी विचारलं.

"गलत कोन म्हणून राहिलं? पन शाळा मोठी आहे. तुह्या जिंदगीचा सवाल आहे. आपन लहान लोक, झुकावं लागते."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. वाक्य पाठ केलं. गरिमा हा शब्द अडकायचा, तर तो आंघोळ करताना घोकला. रविवारी सदरला जाऊन बाबांनी दुकानातलं ट्यूनिक आणलं. सोमवारी मी ते घालून रांगेत उभी राहिले. गर्द निळी. सगळ्यांसारखी. कोणालाही वेगळी दिसू नये अशी.

आणि तरीही सरांनी माझं नाव पुकारलं तेव्हा मागून हळूच आवाज आला, नट-बोल्ट.

तिथेच कळलं. स्टेजच्या पायऱ्या चढतानाच. कपडा बदलून काही बदलत नाही. यांना माझा कपडा नकोच होता. यांना माझं झुकणं हवं होतं. कपडा फक्त मोजपट्टी. कोण कुठल्या घरातून आलंय ते लांबूनच दिसावं म्हणून.

सरांनी माइक हातात दिला. ठरलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हटलं:

"वो कपड़ा मेरे बाबा का था. सिलाई मेरी आई की. मैं माफ़ी नहीं माँगूँगी."

कोणी टाळी वाजवली नाही. सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं अशा वेळी टाळ्या वाजतात. सरांनी माइक हिसकावला, माझा दंड धरून खाली उतरवलं. रांगेतल्या पोरींनी नजर फिरवली. दुपारपर्यंत मी ऑफिसबाहेर उभी. मग बाबा आले, दफ्तर उचललं अन् मला घेऊन निघाले. कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या बोलण्यानं त्यांची मान ताठ झाली असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तसं झालं नाही. त्यांना वाटलं मी त्यांची सगळी मेहनत पाण्यात घातली. अजूनही त्यांना तसंच वाटतं. वाटू दे.

मी सरकारी शाळेत शिकले. तिथे एकाचा शर्ट पिवळट, एकाचा पांढरा, एकाची चड्डी थोरल्या भावाची. कोणाचं शिक्षण अडलं नाही. कोणी माइकवर गेलं नाही.

आता आम्ही थोडी पोरंपोरी या शहरात पत्रकं वाटतो, पालकांच्या सभेत उठून बोलतो. मागणी सरळ आहे: युनिफॉर्मची सक्ती बंद करा. ज्याला घालायचा त्यानं घालावा. पण कपड्यावरून पोराला वर्गाबाहेर काढायचा हक्क कोणालाही नाही. प्रत्येक सभेत इस्त्रीच्या शर्टातला कोणीतरी उठतोच अन् म्हणतो, युनिफॉर्म काढला तर गरीब पोरांनाच लाज वाटेल, आम्ही त्यांच्यासाठीच म्हणतोय. किळस येते मला या दयेची. लाज पोरात नसते, भाऊ. तुमच्या नजरेत असते, तिथून पोरात उतरते. एवढीच काळजी असेल तर तुमच्या पोरांना हसू नका म्हणून शिकवा. गाडी फाटकापर्यंत आणू नका. ते तुमच्यानं होत नाही. म्हणून माझ्या अंगावर तुमच्यासारखा कपडा चढवता अन् त्याला समानता म्हणता.

हे मी मराठीत लिहून राहिले. आमची पिढी घरात मराठी ऐकते अन् बाहेर हिंदी बोलते, माझं मराठी काही फार चांगलं नाही. तरी मराठीत, कारण हे आमच्याच क्वार्टरांत वाचलं जावं. आपली माणसं सभ्य आहेत, कामसू आहेत, अन् झुकायला फार लवकर तयार होतात. पोरीची शाळा जाईल या भीतीनं. मला ती भीती माहीत आहे. त्या भीतीनंच मी एक वाक्य पाठ केलं होतं.

तर ऐका. तुमच्या पोराला बुटाच्या रंगावरून, स्वेटरच्या शेडवरून, आईनं घरी शिवलेल्या सदऱ्यावरून परत पाठवलं, तर त्याला घरी नेऊ नका. माफी मागू नका. हात जोडू नका. आम्हाला बोलवा, आम्ही येऊ, पुढच्या फाटकानं आत जाऊ. कोणी गोड बोलेल, कोणी धमकी देईल, कोणी पोलीस बोलवेल. बोलवू दे. पोरगं वर्गात आपल्या बाकावर बसेपर्यंत मी तिथून हलणार नाही.