दोनशे अक्षरांतलं कारण

गेल्या फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता पुण्याच्या कार्यालयातून ई-मेल आला. एक एप्रिलपासून घरून काम बंद, सर्वांनी कार्यालयात हजर व्हावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत सोबतचा अर्ज भरावा.

मी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर उपसंपादक आहे. टाळेबंदीत पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावी, धाडला आले आणि इथूनच काम करत राहिले. घरात आई आणि मी. एक टेबल, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची सिमकार्डं. बाजाराच्या दिवशी जीपवाल्यांच्या हाका आत येतात, तेव्हा बैठकीत माइक बंद ठेवते. एकही शिफ्ट बुडालेली नाही.

अर्जात कारणं तयार दिली होती: आईवडिलांचं आजारपण, लहान मूल, गरोदरपण, अपंगत्व, इतर. डेस्कच्या प्रमुखांना फोन केला.

"आई आजारी लिहा," ते म्हणाले. "सगळे तेच लिहितायत."

"सर, आई आत्ता हरभरा सोंगायला शेतात गेलीय."

"मग? अर्जाला कुठे दिसतं ते? डॉक्टरचं पत्र तेवढं जोडा."

संध्याकाळी आईला विचारलं. ती हातपाय धूत होती.

"मले काऊन आजारी पाडून राह्यली वं? त्या डाक्टरले म्हना, माह्यासंग एक पात सोंगून दाखव. मंग लिव म्हना आजारी." हसून झाल्यावर तिने विचारलं, "पन तुले जायाचं काऊन नाही? पुन्यात तं जात कोनी इचारत नाही."

हे वाक्य ती मी कॉलेजात असल्यापासून बोलत आली होती. याच भरवशावर तिने मला एकटीला पुण्याला पाठवलं होतं. मीही ते कधी खोडलं नव्हतं. खोली का मिळत नाही असं तिने फोनवर विचारलं की खोल्या लहान आहेत, पाण्याची अडचण आहे, असं सांगत असे. त्या दिवशी खरं सांगितलं.

पुण्यात मी अकरा खोल्या पाहिल्या होत्या. नऊ ठिकाणी आडनाव विचारलं गेलं आणि नऊ ठिकाणी नकार मिळाला. आम्ही बौद्ध आहोत. तोंडावर तसं कुणी बोललं नाही. एक जण बुलढाणा जिल्ह्यात आमच्या आडनावाचे 'म्हणजे नक्की कोण' हे विचारून थांबले. एका बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आमचं काही नाही हो, सोसायटीतल्यांना चालत नाही." उरलेल्या दोन ठिकाणी आडनाव विचारलं नाही. त्यांपैकी एका खोलीत दीड वर्ष राहिले, मग ती इमारत पाडायला काढली.

आईने ऐकून घेतलं. "खोल्या लहान हायेत म्हनत होती तू," एवढंच बोलली. जेवताना म्हणाली, "जे झालं तेच लिव. आपन काऊन लपवाव?"

'इतर'च्या रकान्यात दोनशे अक्षरांची मर्यादा होती. लांब मजकूर कमी जागेत बसवणं हे माझं रोजचंच काम. मी लिहिलं: 'पुण्यात अकरा खोल्या पाहिल्या. नऊ ठिकाणी आडनाव ऐकल्यावर नकार. आम्ही बौद्ध आहोत. गावी स्वतःचे घर आहे, काम येथून पूर्ण होते.' गुरुवारी अर्ज पाठवला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मनुष्यबळ विभागातून एका बाईंचा फोन आला. आवाज मऊ होता.

"तुमचं कारण आम्ही 'निवासाची अडचण' असं नोंदवलंय."

"मी तसं लिहिलं नव्हतं."

"हो, पण ते रेकॉर्डवर बरं दिसत नाही. आणि आपल्या कंपनीत असं काही नाही, तुम्हाला माहीतच आहे."

"कंपनीत झोपता येत नाही, मॅडम."

घरांच्या दोन एजंटांचे नंबर पाठवते, त्या म्हणाल्या. अर्ज नामंजूर झाला होता. डेस्कवरच्या ज्या तिघांनी आईवडिलांचं आजारपण लिहिलं होतं, त्यांना सहा महिने मुदतवाढ मिळाली. तिघांपैकी एकाचे वडील त्याच आठवड्यात सहलीला गेले होते. त्यांचा फोटो डेस्कच्या ग्रुपवर आला, सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला.

आईने तिघांच्या मुदतवाढीचं ऐकलं आणि विचारलं, "मले आजारी लिवलं असतं तं झालं असतं?"

"हो."

"मंग आता लिव. डाक्टरकडं मी येतो तुह्यासंग."

अर्जाची मुदत संपून महिना झाला होता. ते तिला दोनदा सांगावं लागलं.

एक एप्रिलला मी कार्यालयात हजर झाले. राहायला मैत्रिणीच्या होस्टेलात पंधरा दिवसांची सोय होती. टेबलावर माझ्या नावाची नवी पाटी होती, पूर्ण नावाची. त्या दिवशी नेमून दिलेलं काम धाडच्या टेबलावर करत होते तेच होतं. आसपासचे सगळे कानाला हेडफोन लावून एकमेकांना संगणकावरच निरोप पाठवत होते.

पहिल्या दहा दिवसांत सहा खोल्या पाहिल्या. सहावी शनिवारी पाहिली. घरमालकांनी नाव, आडनाव, गाव, जिल्हा वहीत लिहून घेतला आणि रविवारी कळवतो म्हणाले. मंगळवारी मी फोन केला, तो उचलला गेला नाही. आज बुधवार आहे. होस्टेलची मुदत शुक्रवारी संपते.