सरसोंच्या तेलाचा वास

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर विनोदी साहित्य म्हणून वाचतो. बंद पडलेली गाडी, लिफ्ट मागणारी बाई, आणि मग "गावात चौकशी केली तेव्हा कळलं की..." इथवर आलं की पुढचं वाक्य मी स्वतःच म्हणून टाकतो. भुतांशी माझं भांडण नाही. त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांशी आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि आयुष्यात एकदाही लिंबू-मिरची ओलांडताना पाय वाकडा टाकलेला नाही.

तेव्हा हे मी लिहितोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच आहे.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. जुनी बैठी जोडघरं आहेत, दोन घरांत एक भिंत सामाईक. भिंतीच्या अलीकडे मी आणि बायको वैजयंती, म्हणजे वैजू. पलीकडे दिघे मावशी. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात, मुलगा बंगलोरला. त्यांच्या दाराची एक किल्ली आमच्याकडे असते. कानाने पक्क्या आणि जिभेने त्याहून पक्क्या.

दोन वर्षांपूर्वी वैजूला ताप आला. ताप गेला, तो जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत येईल परत. नाही आला. ऐकायला ही गोष्ट फार मोठी वाटत नाही. मलाही नव्हती वाटली. पण वैजू त्या बायकांपैकी आहे ज्या फोडणीच्या वासावरून मीठ सांगतात. ती रोज सकाळी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरायची, डोळे मिटायची, आणि डबी बंद करून ठेवायची. काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

उन्हाळा सरता सरता आमच्या घरी वर्षाचं लोणचं पडतं, आणि तेव्हा तर पंचाईतच. आमच्याकडे रीत अशी, की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत लोणचं चाखायचं नाही. मसाला बरोबर पडला की नाही हे फक्त वास घेऊन ठरवायचं. हे काम पहिल्या वर्षी माझ्याकडे आलं. मी वास घेतला आणि म्हणालो, "लोणच्यासारखा येतोय." त्यानंतर हे काम मावशींकडे गेलं. त्या येऊन बरणीत नाक घालायच्या आणि हुकूम सोडायच्या, "मेथी थोडी अजून. हळद बस्स." वैजू मान डोलवायची. दुसऱ्याच्या नाकाने स्वयंपाक करणं काय असतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

हा प्रसंग गेल्या ज्येष्ठातला. रविवार होता. शहरात कृष्णपुऱ्याजवळ एका मंडळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ सुगरणींचा सत्कार होता, आणि सत्कारमूर्तींत आमच्या दिघे मावशी. त्यांनी मंडळाच्या पंगतींची कितीतरी वर्षं चूल सांभाळली होती. वैजूने सकाळीच लोणच्याचं तेल तापवून, गॅस बंद करून, झाकण ठेवून निवायला ठेवलं होतं. तेल पूर्ण गार झाल्याशिवाय फोडींवर ओतत नाहीत, त्याला अर्धा दिवस लागतो. आमचा बेत असा होता की कार्यक्रम उरकून थेट विजय नगर गाठायचं आणि लू, म्हणजे दुपारची ती भाजणारी झळ, उतरेपर्यंत एखाद्या मॉलच्या एसीत बसायचं. मॉलमध्ये आम्ही काही विकत घेत नाही. फक्त हवा घेतो.

सत्कार जसे असतात तसा होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्याबद्दल त्यांचे आभार मानले गेले. मग ज्येष्ठातल्या उन्हात, पंखे गरम हवा ढवळत असताना, म्हाताऱ्या बायकांना एकेक करून गरम शाली पांघरल्या. मावशींनी शाल घेतली, पाहुण्यांकडे बघून माइकमध्येच अस्सल इंदुरी ढंगात म्हणाल्या, "इतक्या उन्हात पाठवणारच असाल तर नारळाऐवजी शहाळं द्यायचं होतं, भिया!" दिवसभरातलं तेवढंच एक भाषण मला आवडलं.

पाहुणे बोलायला उभे राहिले आणि 'अन्नपूर्णा' या विषयात शिरले. तेवढ्यात वैजूने माझं मनगट घट्ट धरलं.

"अहो... मला वास येतोय."

"कसला?"

"कसला का असेना! येतोय! अहो, येतोय मला!"

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मावशी समोर स्टेजवर शाल गुंडाळून बसल्या होत्या, हे इथे नोंदवून ठेवतो.

"तेल जळतंय," ती म्हणाली. "तेल जळाल्याचा आहे."

मी हवा हुंगली. मला अत्तर, घाम आणि पेढे एवढंच आलं. पण हॉलच्या दाराशी कचोरीवाला कढई मांडून बसला होता, तेव्हा प्रकरण माझ्यापुरतं मिटलं होतं. तिचं नाक परत आलं! तेही कचोरीच्या निमित्ताने... इंदुरात आणखी कशाने येणार? आम्ही अन्नपूर्णेला तिथेच सोडून बाहेर पडलो.

बाहेर वैजू सरळ त्या कढईवर वाकली. मग मागे झाली. पुन्हा वाकली.

"भाभीजी," कचोरीवाला म्हणाला, "सूंघने से पेट नहीं भरता, खा के देखो!"

"हा नाही," वैजू मला म्हणाली. तिने केसांतला मोगऱ्याचा गजरा ओढून काढला आणि नाकाशी दाबला. मी बघत राहिलो. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "याचा पण नाही येत. कचोरीचा नाही, याचा नाही. फक्त तेच... जळकं तेल." मग एकदम म्हणाली, "तुम्ही गॅस बघितला होता ना?"

"तू बंद केलास, मी बघितला, मग तू परत येऊन बघितलास."

"घरी चला."

"वैजू, घर इथून कुठे आणि—"

"मला माहितीये मूर्खपणा आहे. चला."

स्कूटरवर तोंडाला स्कार्फ-रुमाल बांधून लू खात आम्ही घरी आलो. मॉलची हवा बुडाली. घरात सगळं जिथल्या तिथे होतं. गॅस बंद, तेल गार, कूलरची मोटर ठीक, एकही वायर गरम नाही. मी थोडा विजयी चेहरा केला असणार, कारण वैजू म्हणाली, "हसू नका. अजून येतोय." मग आमच्या पातेल्याचं झाकण उचलून तिने नाक खाली नेलं. "आणि जळतंय ते आपलं तेल नाहीच. आपलं शेंगदाण्याचं. हे सरसोंचं आहे."

मोहरीच्या तेलाला इकडे सगळे सरसोंचंच म्हणतात. आणि लोणच्याला सरसोंचं तेल वापरणारं आमच्या ओळखीत एकच मराठी घर. माळव्यात जन्म गेल्यावर मावशींना दुसरं तेल गोडच लागत नाही.

आम्ही किल्ली घेऊन मावशींचं दार उघडलं. आत काळोख आणि गारवा. उन्हासाठी खिडक्या बंद. ओट्यावर मीठ-हळद लावलेल्या कैरीच्या फोडी कापडाखाली झाकलेल्या. कढई घासून पालथी. गॅस सिलेंडरपासूनच बंद, तो मी स्वतः हात लावून बघितला. जळण्यासारखं घरात काही नव्हतं आणि जाळायला कुणी नव्हतं. मावशी तर तिकडे हॉलमध्ये जेवायच्या पंगतीत.

"बघ," मी म्हणालो.

"बघितलं," ती म्हणाली, पण पदर नाकाला लावून.

जेवणं झाल्यावर मावशी रिक्षाने आल्या. शाल, श्रीफळ, हातात पेढ्यांचा डबा, चेहरा उन्हाने लाल. वैजू दारातच उभी होती.

"मावशी, आज तेल तापवू नका."

"का गं? फोडी काय तुझ्यासाठी थांबणार आहेत? पाणी सुटून गेलंय त्यांना."

"मला वास येतोय सकाळपासून. तेल जळाल्याचा. तुमच्या तेलाचा."

मावशी थांबल्या. तिच्या गालाला हात लावला. "नाक आलं तुझं? देवा रे! आणि आल्या आल्या माझ्याच घरात खुपसलंस होय?" मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं बाई. आता पडते जरा. संध्याकाळी तू ये, तुझ्यासमोर तापवते. मग तर झालं?"

झालं. दार बंद झालं. आम्ही आमच्या कूलरसमोर आडवे झालो. मी तिला शास्त्रीय कारणं सांगत होतो: मज्जातंतू पुन्हा जुळताना असे खोटे वास येतात म्हणे, चांगलं लक्षण असतं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. डोळा लागत असतानाच ती उठून बसली.

"गेला."

"काय?"

"वास. गेला. एकदम... कुणी डबी बंद करावी तसा." तिने हुंगून बघितलं, इकडे, तिकडे. मग रडायला लागली. दोन वर्षांत ती या कारणासाठी पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी समजुतीचं बोलायला श्वास घेतला.

आणि तो वास मला आला.

जळकं तेल. सरसोंचं. नाकाला झोंबणारं. कूलर बाहेरची हवा ओढून थेट माझ्या तोंडावर टाकत होता.

मी धावत सुटलो, वैजू किल्ली घेऊन मागे. दार उघडलं तर आत धूरच धूर. ओट्यावरची कढई काळीठिक्कर, तेलाच्या कडेने ज्योत नुकती धरत होती. मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडव्या, अंगावर अजून सत्काराची साडी. मी रेग्युलेटर बंद करून कढईवर परात उपडी घातली. वैजूने मावशींचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडायला लागली, "मावशी! ए मावशी!" जन्मात तिने त्यांना एकेरी हाक मारली नव्हती.

ऊन लागलं होतं, बीपी पडलं होतं. थोडा आणखी वेळ गेला असता तर काय, हे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं आणि आम्ही ते मावशींना कधीच सांगितलं नाही. त्या शुद्धीवर आल्या त्याच तक्रार करत. "झोप लागेना. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, वैजूला कशाला उठवा... फोडींचं काय झालं?"

आता माझ्यासारख्या माणसाने यावर काय म्हणावं? कॉलेजातल्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, "कोइन्सिडन्स, यार." नाकाच्या डॉक्टरांनी अस्सल नाव दिलं: फँटॉस्मिया. नसलेला वास येणे. पुष्कळांना जळक्याचाच येतो म्हणाले. छान. मग मी विचारलं, नसलेला वास नंतर असलेला होतो, त्याला काय म्हणतात? ते हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी दोन्ही कारणं एकमेकांना जोडून बघितली. फँटॉस्मिया अधिक योगायोग. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धे मार्क दिले असते. तेल कोणतं हे तिला कसं कळलं, याचे मार्क तरीही उरतातच.

कारण भांडं रिकामं होतं. मी पाहिलं होतं. सिलेंडरला माझा हात लागला होता. जे जळणार होतं ते अजून बाटलीत होतं, आणि जाळणारी व्यक्ती स्टेजवर शाल पांघरून माझ्या डोळ्यांसमोर बसली होती.

वैजूला यातल्या कशातही रस नाही. तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "परत येईल का?" ते म्हणाले, एकदा आला म्हणजे वाट मोकळी आहे, येऊ शकतो. ती तेवढ्यावर खूश आहे. सकाळी हिंगाची डबी उघडते ती आता जरा जास्त वेळ धरते.

परवा संध्याकाळी आम्ही ओसरीवर चहा घेत होतो. मावशींच्या मुलाला आईला बंगलोरला न्यायचंय आणि मावशी कशा जाणार नाहीत, हे वैजू रंगवून सांगत होती. सांगता सांगता थांबली. मान वर केली, डोळे मिटले, श्वास रोखला. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"काय गं? येतोय? कसला? कुणाकडचा?"

तिने हाताने मला गप्प केलं. मग जोरात शिंकली.

"काही नाही हो. शिंक अडकली होती." तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "घाबरलात?"

"छे," मी म्हणालो.

तिला वास यावा असं मला दोन वर्षं वाटतंय. त्या क्षणी मात्र तो येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडत होतो. कुणाला, ते विचारू नका. त्याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.